रात सुकदेवची, दिवस चुडामणचा

सोनगीरचा सुकदेव म्हणजे कापसाचा पारखी. धुळ्याच्या कापूसबाजारात पारखी पुष्कळ होते, पण सुकदेवची गोष्ट निराळी. गाडीत हात घालून तो चिमूटभर कापूस ओढायचा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, आणि मान वर न करता सांगायचा: माल काळ्या रानाचा की बरड जमिनीचा, पहिल्या वेचणीचा की तिसऱ्या, आणि वजन वाढावं म्हणून मालकाने रात्री वरून पाण्याचा हबका मारलाय की काय. त्याने एकदा सांगितलं की शेतकरी वाद घालत नसे आणि गिऱ्हाईकही घालत नसे. अशा माणसाच्या डोळ्यांत कोणी तीन वर्षं धूळ फेकली असं सांगितलं असतं तर बाजार हसला असता. पण फेकली. आणि फेकणारा परका असता तर ही गोष्ट सांगायलाही कोणी बसलं नसतं.

१९१० साली आभाळात शेपटीचा तारा निघाला तेव्हा सुकदेव अकरा वर्षांचा होता. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी धसका घेतलेला, आता पटकी येणार की दुष्काळ, एवढीच चर्चा. सुकदेव मात्र पहाटे उठून सोनगीरच्या किल्ल्यावर चढायचा आणि तोंड उघडं टाकून त्या ताऱ्याकडे बघत बसायचा. सोबतीला शेजारचा चुडामण. चुडामणला ताऱ्याचं फारसं काही नव्हतं, पण सुकदेव जाईल तिथे तो जायचा. घरी कळलं तेव्हा चुडामणने सरळ सांगून टाकलं की यानेच मला नेलं, आणि दोघांच्या वाटचा मार एकट्या सुकदेवने खाल्ला. त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही. नेलं होतं ते खरंच होतं ना!

पुढे चुडामण धुळ्याला गेला, एका पेढीवर राबला, आणि पंचविशीच्या आत त्याने स्वतःची अडत टाकली. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, तो गिऱ्हाइकाला विकून द्यायचा, मधे आपली अडत कापायची, असा तो धंदा. माणूस हुशार, बोलायला गोड. बाजाराला लागून त्याने तीन मजली इमारत बांधली आणि पहिलं काम काय केलं, तर सोनगीरहून सुकदेवला बोलावून आपल्या अडतीवर पारखी म्हणून बसवलं. सुकदेव बसला म्हटल्यावर अख्खं सोनगीर आणि आसपासची चार गावं चुडामणच्या दारात गाड्या सोडू लागली. लोक म्हणत, चुडामणचं काय ते चुडामण जाणे, पण तिथे आपला सुकदेव आहे.

सुकदेवला मात्र जगात एकच गोष्ट हवी होती. त्याला शनी बघायचा होता. हायस्कुलात शिकवणाऱ्या जीवराम मास्तरांनी एकदा त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं: गोळा, आणि त्याच्याभोवती कडं. हे दुर्बिणीतून खरोखर असंच दिसतं, असं मास्तर म्हणाले, आणि त्या दिवसापासून सुकदेवच्या अंगावरचं मांस त्या कड्याने खाल्लं. आपल्याकडे शनी म्हणजे साडेसाती, शनिवारचं तेल आणि घाबरलेल्या बाया. सुकदेवची आई सुंदरबाई विधवा झाली तेव्हापासून सगळं खापर शनीवर फोडत आली होती. त्या बाईला एकदा तो शनी समोर धरून दाखवावा, ही त्याची इच्छा.

मास्तरांनी मुंबईच्या एका दुकानाची चोपडी मागवली. तिच्यात दुर्बिणींची चित्रं आणि इंग्रजीत वर्णनं. रविवारी दुपारी मास्तर वाचून अर्थ सांगत आणि सुकदेव पाठ करत बसे. असं दोन वर्षं चाललं, बरं का! लोक सोयरीक जमवायला इतका वेळ घेत नाहीत. चोपडीत एक लांबलचक पितळी नळी होती, चार टप्प्यांत बाहेर निघणारी, जहाजावरची. खाली छापलेलं होतं की हिच्यातून शंभरपट मोठं दिसतं. मास्तरांना ती आवडली. सुकदेव म्हणाला, मास्तर, हा भिजवलेला कापूस आहे. शंभरपट म्हणजे फुगवलेलं वजन. त्याचा धागा बघा, पुढची काच किती रुंद आहे ते बघा. काच बोटभर रुंद असेल तर उजेड येणार कुठून, आणि उजेड नाही तर मोठं करून काय बघायचं, अंधार? पुस्तक मास्तरांनी वाचलं होतं, पण मर्म या चौथी शिकलेल्या माणसाला कळलं होतं.

दुसरी दुर्बीण आरशाची होती, काचेच्या दुर्बिणीहून स्वस्त आणि रुंद. तिच्यावर त्याचं मन महिनाभर बसलं होतं. पण आरशाच्या चांदीला धूळ सोसत नाही असं मास्तरांनी वाचून दाखवलं, आणि सुकदेवने कपाळावर हात मारला. धुळ्यात धुळीवाचून जागा कुठली? त्यात सरकी काढणाऱ्या जिनांतून उडणारे कापसाचे तंतू. सहा महिन्यांत आरसा आंधळा झाला असता. शेवटी उरली ती तीन इंच रुंद काचेची, लाकडी तिवईवर उभी राहणारी. हीच. सुकदेवने चित्रावर अंगठा ठेवला तो उचलेना.

ठरलं खरं, पण एकट्याच्या पगारात ती येणारी नव्हती, आणि ठेवायला उंच जागाही हवी. चुडामणला कळलं तेव्हा तो म्हणाला, त्यात काय, निम्मं मी घालतो, गच्ची माझी, दुर्बीण दोघांची. सुकदेवचे डोळे भरून आले. चुडामण हसला आणि म्हणाला की भागीदारी आहे तर सौदा रीतसर होऊ दे. त्याने खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. धुळ्याच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत. एकदा बोट दाबलं की तो सौदा पक्का. ना कागद, ना साक्षीदार. फिरणाऱ्याला बाजारात कोणी पाणी विचारत नसे. रुमालाखाली हात धरून चुडामण म्हणाला, “रात तुनी, दिवस मना.”

सुकदेव खो खो हसला. दिवस माझा म्हणे! दिवसा दुर्बीण घेऊन करायचं काय? सूर्याकडे बघून डोळे जाळायचे? तारेवेडा माणूस तो. दिवस त्याच्या लेखी फुकट होता. मित्र गंमत करतो आहे असं समजून त्याने चुडामणचं बोट दाबलं.

दुकानाला पत्र लिहायच्या वेळी चुडामणने एक जादा गोष्ट मागितली. आभाळाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, खालचं वर आणि वरचं खाली. ताऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही. पण दुकानात एक जादा नळी मिळत होती, ती डोळ्यापाशी बसवली की चित्र सुलटं होई. चुडामण म्हणाला, तेवढी मागव रे. दिवसा गच्चीवरून आपल्या सोनगीरचा किल्ला दिसेल, तो डोक्यावर उभा असलेला बघवणार नाही माझ्याच्याने. हे ऐकून सुकदेव विरघळलाच. इतकी वर्षं शहरात राहून, एवढा मोठा होऊन, याला अजून किल्ल्याची ओढ आहे! त्याने स्वतःच्या हाताने पत्रात ती नळी लिहिली आणि खाली दोनदा रेघ मारली. दुकानदार विसरू नये म्हणून.

दुर्बीण आली. जेठ महिन्यात शनी तिन्हीसांजेनंतर पूर्वेला वर येऊ लागला, तेव्हा सुकदेवने आईला सोनगीरहून बैलगाडीत घालून आणलं. म्हातारी तीन जिने धापा टाकत चढली, देवाचं नाव घेतलं, आणि एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. मग म्हणाली, “इतलासा शे हाऊ? आनी याले आपन जनमभर भेतस?” चुडामणची बायको ताईबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, सुकदेवही हसला. त्यानंतर सोनगीरचा कोणीही माणूस बाजाराला आला की संध्याकाळी सुकदेव त्याला हाताला धरून गच्चीवर न्यायचा. शनी नसेल तर गुरूचे चार चंद्र, तेही नसतील तर चंद्रावरचे खड्डे. लोक म्हणत, सुकदेवभाऊ, तुझ्यामुळे आम्ही हे बघितलं.

दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामाचा पौष आला. रोज संध्याकाळी सुकदेव गच्चीवर गेला की दुर्बिणीला ती सुलटी नळी बसवलेली असायची. तो ती कौतुकाने काढायचा. चुडामणने आजही किल्ला बघितला म्हणायचा. कठड्यावर कोळशाच्या रेघा असत, पाच-पाचांच्या जुड्या. ताईबाई उन्हाळ्यात गच्चीवर वाळवते त्या बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, हिशेब असेल असं त्याला वाटे. पौषात कोण बिबड्या वाळवतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सुकदेवचा धाकटा भाऊ लोटन, डाव्या पायाने जरा अधू, माल घेऊन यायचा तेव्हा नेहमी कुरकुरायचा की मनी गाडी ऊनी का भाव पडनाच. सगळे सोनगीरवाले हसायचे. कारण आपली गाडी आली की भाव पडतो, हा त्यांचाही अनुभव. नशीब, दुसरं काय. आणि समोरच्या पेढीवरच्या भिकमचंद शेठनी एकदा सुकदेवला थांबवून सरळ विचारलं होतं, की तुमचा चुडामण बाजारात दिवसाचा भाव फुटायच्या आधीच आपल्या वखारीतला माल गिरणीच्या खरेदीदाराला कसा देऊन मोकळा होतो? नेमका त्याच दिवशी, ज्या दिवशी पुढे भाव पडतो. माझं सगळं आयुष्य या धंद्यात गेलं, मला हे जमलं नाही. सुकदेवने अभिमानाने सांगितलं, आमच्या चुडामणचं डोकंच तसं आहे. शेठ त्याच्याकडे बघत राहिले आणि आपल्या पेढीकडे वळले.

मग ती पहाट आली. त्या दिवसांत बुध सूर्योदयाआधी थोडा वेळ दिसेल असं मास्तरांनी सांगितलं होतं. बुध सुकदेवने कधी बघितला नव्हता. पहाटेची वेळ रातीत धरायची की दिवसात, एवढाही विचार न करता तो कांबळं पांघरून उजाडता उजाडता चुडामणच्या गच्चीवर गेला. गच्चीवर कोणी नव्हतं, पण दुर्बीण आधीच उघडी होती. तिचं तोंड आभाळाकडे नव्हतंच. उत्तरेला, खाली झुकलेलं होतं. किल्ला लागला असेल म्हणून सुकदेवने हौसेने डोळा लावला.

किल्ला नव्हता. पांझरा नदीच्या पलीकडे, देवपूरच्या वस्तीच्याही पुढे आग्रा रस्त्याचा चढ लागतो, तो चढ होता. त्याच्यावर कापसाच्या गाड्या, एकीमागे एक, लांबपर्यंत. कंदील अजून विझवले नव्हते. नळी इतकी चांगली होती की बैलांच्या तोंडची वाफ दिसत होती. अहो, दोन वर्षं खपून निवडलेली काच ती! तिसऱ्या गाडीच्या पुढे एक माणूस डोक्याला टापशी बांधून चालत होता, डावा पाय जरा ओढत. लोटन. रात्रभर चालून आलेला, आणि पुलावर पोचायला त्याला अजून तास-दीड तास होता.

सुकदेवने डोळा काढला आणि कठड्याकडे बघितलं. कोळशाच्या जुड्या आजच्या होत्या, ओल्या दवात काळ्या कुळकुळीत. तो मोजायला लागला आणि मधेच थांबला, कारण आता त्याला सगळंच कळलं होतं. बाजारात आज गाड्या किती येणार हे ज्याला दीड तास आधी कळतं, त्याच्या मुठीत तो बाजार. गर्दी दिसली की चुडामण आपला वखारीतला माल कालच्या चढ्या भावाने आधीच विकून टाकतो; मग लोटन येतो, त्याच्या मागच्या गाडीवरचा वना येतो, सगळं सोनगीर येतं, भाव कोसळतो, आणि त्यांचा माल पडत्या भावाने तोच घेऊन ठेवतो. गाड्या थोड्या दिसल्या की विकायला हात आखडतो. नशीब नव्हतं ते. नळी होती.

चुडामण जिना चढून वर आला. खरेदीदाराकडून आला होता. अंगावर शाल, चेहऱ्यावर सौदा झाल्याचं समाधान. सुकदेवला बघून तो क्षणभर थबकला, पण घाबरला नाही. सुकदेवने विचारलं, हे कधीपासून? चुडामण म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मग किल्ला? त्यावर तो नुसता हसला. सुकदेव म्हणाला, चुड्या, ही आपली माणसं आहेत, तुझ्या-माझ्या गावची. ती इथे माझ्या तोंडाकडे बघून येतात. केसाने गळा कापलास तू, आणि सुरी मला निवडायला लावलीस.

चुडामणचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, “दिवस मी मांगेल व्हता, सुक्या. तू बोट दाबीसन दिधा.” आणि पुढे समजावणीच्या सुरात म्हणाला की यात खोटं काय केलं मी? माप मारलं? वजन मारलं? रस्ता सरकारी आहे, डोळा माझा आहे. तुझी रात मी कधी तोडली नाही. तुझ्या म्हातारीला शनी दाखवला, तो माझ्याच गच्चीवरून ना? भागीदाराला वाटा हवा असेल तर सांग, देतो.

वाटा! सुकदेवला त्या एका शब्दाने सगळ्यात जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या. पण इतकी वर्षं ज्याला आपण जिवाचा मित्र समजलो, त्याने आपल्याला ओळखलंच नव्हतं. पायपुसण्यासारखं वापरून वर वाटा विचारत होता. सुकदेव तसाच जिना उतरला आणि कांबळं सावरत पांझरेच्या पुलाकडे पळत सुटला. तिशीचा माणूस, अनवाणी, बाजारातले हमाल बघत राहिले.

पूल ओलांडून, देवपूरच्या पुढे त्याने गाड्या गाठल्या. हात आडवे करून उभा राहिला आणि धापा टाकत सगळं सांगितलं: आज माल उतरवू नका, मागे फिरा नाहीतर भिकमचंदकडे न्या, चुडामणने सौदा आधीच केलाय, तो रोज तुम्हाला वरून मोजतो, दुर्बिणीतून. गाडीवाले खाली उतरून गोल करून उभे राहिले. त्याला वाटलं होतं, लोक चिडतील, चुडामणला शिव्या देतील, कदाचित काठ्या घेऊन त्याच्या दारावर जातील. तसं काही झालं नाही. ते सगळे चुडामणच्या इमारतीकडे न बघता सुकदेवकडे बघत होते. वनाने हळूच विचारलं, ती नळी निवडली कोणी? सुकदेव म्हणाला, मी. निम्मी कोणाची? माझी. आणि तिच्यातून आम्हाला चंद्र कोणी दाखवला?

लोटन इतका वेळ बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, “तीन वरीस तू वर बसेल व्हता. कापसाना धागा देखीसन रान सांगस, आनी तुले हाई दिसनं नही?”

दिसलं नाही हेच खरं होतं, आणि अख्ख्या धुळ्यात ते एकट्या सुकदेवच्या तोंडी शोभणारं नव्हतं. गाड्यांची रांग मागे वाढत गेली, मागचे ओरडायला लागले. शेवटी माल घेऊन मागे कोण फिरणार? सगळे बाजारात गेले. भाव व्हायचा तो झाला.

सुकदेवने त्याच दिवशी अडत सोडली. दुर्बीण त्याने मागितली नाही. मागितली असती तरी तिला डोळा लावणं त्याच्याने झालं नसतं. भिकमचंद शेठनी माणूस पाठवून विचारलं, आमच्याकडे बसा. तिथे तो उरलेला हंगाम बसला, पण त्याच्यापुढे गाड्या थांबेनात. त्याने धागा ताणून काही सांगितलं की शेतकरी म्हणायचा, आणखी कोणाला तरी दाखवू या. पारख्याचा शब्द एकदा असा हलला की मग उरतं काय? सुकदेव सोनगीरला परत गेला आणि पुढची सतरा-अठरा वर्षं, अगदी ब्रिटिश गेले त्या सालापर्यंत, त्याने घरचं शेत केलं. जीवराम मास्तर कधीमधी पत्र लिहीत, आज अमुक ग्रह दिसेल म्हणून. तो उत्तर देत नसे.

पण एक गोष्ट त्याला सोनगीरला परतल्यावर पहिल्याच हंगामात कळली. हंगामाची पहिली वेचणी झाली, लोटनने गाडी भरली, जू चढवलं. सुकदेवने विचारलं, कोणाकडे उतरवणार? लोटन म्हणाला, चुडामणकडे. सुकदेवला ऐकलेलं खरं वाटेना. अरे, अजून तो तिथेच आहे, ती नळी अजून तिथेच आहे, तो आजही तुला चढावर मोजणार आहे! लोटनने कासरा हातात घेतला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

“चुडामण अडत्या शे,” तो म्हणाला. “अडत्या फसाडस. तू ते मना भाऊ व्हता.”

आणि त्याने बैल हाकले.